पेटी अकरा वेळा ‘नाही’ म्हणाली

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका घरी स्टुलावर चढून कपाटामागची वायर ओढत होते. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मी एका हातानं लोंबकळून राहिली आहे, आधी खाली तर उतरू द्या. उतरल्यावर डोक्यात आलं, आठवणी लिहायच्या तर कोणत्या कामाच्या? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी चौकशीच्या टेबलावर. तिथं लोक नाव सांगायचे आणि मी नंबर सांगायची. ते काम आता जगातूनच गेलं. निवृत्तीनंतर रिकामं बसवेना, म्हणून घरोघरचं इंटरनेट दुरुस्त करायला लागले. खात्यातल्या शेवटच्या वर्षांत त्या तक्रारी आमच्याकडेच यायच्या, तेव्हा निम्मं शिकले होते, उरलेलं चुका करून शिकले.

दार उघडणारा माणूस आधी माझ्याकडे पाहतो, मग माझ्या खांद्यावरून मागे पाहतो. साडी नेसलेली बासष्ट वर्षांची बाई हातात पेचकस, तोच तो स्क्रूड्रायव्हर, घेऊन आली म्हणजे मागून कोणीतरी माणूस येतच असेल, असं त्याला वाटतं. मी सांगते, मागे कोणी नाही, जे आहे ते मीच आहे. मग चहा विचारतात.

गेली काही वर्षं माझ्याकडे जास्त काम येतं ते जाहिराती अडवणाऱ्या पेटीचं. ती काय असते ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. साबणाच्या डबीएवढी असते, राउटरजवळ लावून ठेवायची. तुम्ही मोबाइलवर बातमी उघडली, की मोबाइल आधी विचारतो, या नावाच्या साइटचा नंबर काय? कारण आत सगळा कारभार नंबरांवर चालतो, नावं आपल्यासाठी असतात. हा नंबर सांगणारी चौकशी एरवी बाहेर कुठंतरी असते. आम्ही ती घरात आणून बसवतो. पेटीत एक काळी यादी असते, जाहिराती पाठवणाऱ्यांच्या नावांची. बातमीचं नाव विचारलं तर पेटी नंबर सांगते. यादीतलं नाव विचारलं तर म्हणते, नाही, असं कोणी नाही. मोबाइल बिचारा ऐकून घेतो आणि जाहिरातीची जागा कोरी राहते. घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही तिलाच विचारतात, म्हणून एका पेटीत अख्खं घर शांत होतं. आमच्या वेळी मला कोणाला ‘नाही’ म्हणायची मुभा असती, तर काय मजा आली असती.

पण ही पेटी बंद पडली की घरातलं इंटरनेट मेलं असंच वाटतं. मेलेलं नसतं, नुसता नंबर सांगणारा झोपलेला असतो. मग लोक केबलवाल्याला शिव्या घालतात. नागपुरात ही तक्रार एप्रिलमध्ये हटकून येते. कारण एप्रिलमध्ये गच्चीवरचा कूलर खाली उतरतो, त्याची वायर लावायला प्लग कमी पडतो, आणि कोणीतरी त्या साबणाच्या डबीचा प्लग काढून टाकतं. ती काही करताना दिसत नाही ना. मी फोनवरच विचारते, कूलर लागला का? पलीकडून प्लग शोधायला धावल्याचा आवाज येतो.

हिंगणा रोडला एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. पेटी बसवून आठवडा झाला नाही तोच त्यांनी मला बोलावलं, तेही पत्नी भाजी आणायला गेल्या ती वेळ साधून. त्यांना मोबाइलवर पत्त्यांचा खेळ खेळायची सवय. डाव हरला की एक जाहिरात पाहायची, मग खेळ आणखी एक संधी देतो. पेटीनं जाहिरात अडवली, संधी गेली. सर मला म्हणाले, बाकी सगळं अडवा, मला फक्त ती अर्ध्या मिनिटाची एक पाहिजे. मी तेवढं एक नाव यादीतून मोकळं केलं. तेवढ्यात बाई परत आल्या आणि मी कशाला आले विचारायला लागल्या. सर म्हणाले, वायर लूज होती. मी मान हलवली. चौकशीच्या टेबलावर बसलेली बाई पोटात पुष्कळ गोष्टी ठेवते.

असे किस्से पाहिजे तेवढे आहेत आणि ते सांगताना मी जरा फुशारतेसुद्धा. पण संपादकबाईंना मी जे लिहून द्यायचं ठरवलं, त्यात फुशारकीसारखं काही नाही. ती भोयरांच्या घरची गोष्ट.

भोयरसाहेब खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूमला होते. सगळी नोकरी पाळ्यांची. निवृत्तीच्या आधीच त्यांनी कोराडी रोडला, मानकापूरच्या पुढं घर बांधलं होतं आणि तिथून कामगारांच्या बसनं जायचे. आता वय चौऱ्याहत्तर, आणि तीन वर्षांपासून विसर पडायचा आजार. घरात ते आणि शालूताई, त्यांची पत्नी. मुलगा परदेशात. त्यानंच कुठून तरी माझा नंबर शोधून फोन केला होता.

अडचण अशी, की साहेबांना दिवसभर टीव्हीवर जुनी गाणी लावून दिली की ते शांत बसत. पण गाण्यांच्या मध्ये एक जाहिरात यायची, कुठल्याशा मोबाइल खेळाची, आणि तिच्या सुरुवातीलाच भोंगा वाजायचा. तो ऐकला की साहेब ताडकन उठायचे. युनिट ट्रिप झालं, बंद पडलं, मला बोलावून राहिले, म्हणायचे आणि पायात बूट चढवायचे. दाराला कुलूप लावून पाहिलं, तर दारावर हात आपटून आपटून त्यांनी मनगट सुजवून घेतलं. म्हणून कुलूप नाही. त्याऐवजी मुलानं दाराच्या चौकटीला चिकटवायची एक डबी मागवून दिली होती. दार उघडलं की ती इंटरनेटवरून शालूताईंच्या मोबाइलवर मोठ्यानं घंटी वाजवायची. तेवढ्या घंटीच्या भरवशावर ती बाई आंघोळीला जायची.

शालूताईंनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, “बाई, मले बाकी काही नको. तो भोंगा तेवढा बंद करून द्या.”

मी पेटी बसवली. फोन साफ झाले, बातम्या साफ झाल्या. टीव्हीवर भोंगा वाजतच राहिला. आता इथं मी खरं सांगायला पाहिजे होतं. त्या व्हिडिओच्या साइटवर गाणं आणि जाहिरात एकाच नावाच्या घरातून येतात. पेटीला नुसतं नाव कळतं, आतलं काही दिसत नाही. जाहिरात अडवायची तर गाणंही अडणार. हे मला चांगलं ठाऊक होतं. इतर कोणाच्या घरी मी पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळी झाले असते. पण ही बाई माझ्या तोंडाकडे अशी पाहत होती, की मला ‘होत नाही’ म्हणवलं नाही. माणसाला आपल्या हुन्नराची घमेंड असते, त्यात दया मिसळली की मग काही खरं नसतं.

दुसऱ्या खेपेला मी आणखी एक यादी पेटीत भरली, फार कडक. तिच्यात नुसते जाहिरातवाले नव्हते, गुपचूप घरातली माहिती गोळा करणारे म्हणून ज्यांच्यावर संशय आहे असे सगळे होते. मग टीव्ही लावून तासभर बसले. योगायोगानं त्या तासात भोंगा वाजला नाही. फोन पाहिले, टीव्ही पाहिला. दाराच्या डबीकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही. ती स्वतः कधी आवाज करत नाही, काही करताना दिसत नाही. कूलरवाल्यांना हसणारी मी. निघताना शालूताईंना म्हटलं, आता दुपारी जरा निवांत पडत जा.

तिसऱ्या दिवशी पावणेतीनला फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. “बाई, साहेब घरात नाहीत. मी जरा आडवी पडली होती. घंटी वाजलीच नाही वं.”

मी स्कूटर काढली. पोचले तेव्हा शेजारची मंडळी मंदिराकडे, बगिच्याकडे, रोज फिरायला नेत त्या रस्त्याला पांगली होती. पोलिसांनाही कळवून झालं होतं. शालूताई दारात उभ्या राहून दार उघडत होत्या, लावत होत्या, पुन्हा उघडत होत्या आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलकडे पाहत होत्या. मोबाइल मुका. मी तिथंच पायरीवर बसले आणि लॅपटॉप उघडला.

पेटी एक रोजनिशी ठेवते. कोणी, किती वाजता, कोणाचं नाव विचारलं आणि तिनं काय उत्तर दिलं. दिलं तर हिरवी ओळ, नाही म्हटलं तर लाल. ती दाराची डबी बॅटरीवर चालते, एरवी झोपलेली असते, दार उघडलं तरच जागी होते आणि आपल्या कंपनीचा नंबर विचारते. खाली आत्ताच्या उघडझापीच्या लाल ओळी होत्या. त्यांच्या वर, बरंच वर, आणखी एक झुबका. एक वाजून बावन्न मिनिटांनी डबीनं नंबर विचारला होता. पेटीनं नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. अकरा वेळा. मी मोजल्या. त्या कंपनीचं नाव माझ्या कडक यादीत होतं. तोवर डबी जुन्या, पाठ असलेल्या नंबरावर चालत होती, म्हणून दोन दिवस घंटी वाजली आणि कोणाला शंका आली नाही.

मी म्हटलं, “ताई, दार तुम्हाला सांगत होतं. माझ्या पेटीनं सांगू दिलं नाही. चूक माझी आहे.”

त्या ऐकतच नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “किती वाजता?”

“एक बावन्न.”

शालूताई एकदम थांबल्या. तोपर्यंत सगळे समजत होते की त्यांचा डोळा लागला तो अडीचच्या सुमारास आणि साहेब नुकतेच बाहेर पडले. म्हणून लोक जवळपासच शोधत होते. त्या म्हणाल्या, दुपारच्या पाळीला साहेब रोज दोनला दहा कमी असताना घर सोडायचे. सव्वादोनची बस. त्यांनी बूट घातले की मी डबा हातात द्यायची, बावीस वर्षं दिला. मग आत जाऊन पाहिलं तर ओट्यावरचा स्टीलचा डबा जागेवर नव्हता.

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. त्या आयुष्यात कधी स्कूटरवर बसल्या नसाव्यात, माझ्या साडीचा पदर मुठीत धरून होत्या. फेब्रुवारी संपत आला होता आणि ऊन चांगलंच लागायला लागलं होतं. चौकात जिथं ती बस थांबायची तिथं आता ओळीनं दुकानं झाली आहेत. एका मोबाइलच्या दुकानाच्या पायरीखाली, उन्हात, भोयरसाहेब उभे होते. पांढरा शर्ट, गुंड्या एकाआड एक चुकलेल्या, हातात रिकामा डबा. चेहरा लाल झाला होता. दुकानदारानं खुर्ची दिली होती, ती तशीच बाजूला होती. तासभर ते बसले नाहीत म्हणे.

शालूताईंनी हात धरला, घरी चला म्हणाल्या. त्यांनी हात सोडवून घेतला. रागावले नाहीत, नुसते समजावायला लागले, नव्या माणसाला समजावतात तसे.

“तो मानूस सकाळपासून पॅनलवर बसून आहे. मी गेल्याशिवाय त्याले उठता येत नाही. मी घरी कसा जाऊ?”

हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या एक्स्चेंजमध्येही तोच नियम होता. सुटका करणारा आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. मी स्वतः तापानं फणफणत दुसरी पाळी काढली आहे, कारण पुढची बाई आली नव्हती. बाहेरच्याला वाटतं हा हट्ट आहे. पाळीवाल्याला माहीत असतं, तिकडे एक माणूस घड्याळाकडे पाहत बसलेला आहे. घरी चला, घरी चला असं दिवसभर म्हटलं असतं तरी साहेब हलले नसते.

मी पुढे झाले. म्हटलं, “साहेब, मी रिलीव्हर. तुमची आजची पाळी माझ्याकडे दिली आहे. चार्ज द्या.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग, सवयीनं सगळे पाहतात तसं, माझ्या खांद्यावरून मागेही पाहिलं. “बाई?”

“हो. आता बायाही येतात.”

“आधी कुठं होत्या?”

“एक्स्चेंजला. चौतीस वर्षं, पाळ्यांतच.”

हे खरं होतं आणि ते त्यांना कुठंतरी पटलं. त्यांनी डबा खाली ठेवला, ताठ उभे राहिले. दोन नंबरचा पंप बंद आहे, म्हणाले, त्याले लाल पाटी लावली आहे, आत मानूस काम करून राहिला आहे. कोनी कितीही मोठा साहेब सांगो, चालू करायचा नाही. चार्ज घेणाऱ्यानं ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं असतं. मी म्हणून दाखवलं. दोन नंबर बंद, लाल पाटी, आत माणूस आहे, कोणी सांगितलं तरी चालू करायचा नाही. मग मी पर्समधली कामाची डायरी काढली. त्यांनी वेळ लिहिली आणि सही केली. अक्षर वाकडंतिकडं होतं, पण सही पूर्ण होती, आडव्या रेघेसकट.

मग त्यांच्या खांद्यांतला ताठा गेला. आता घरी येतील म्हणून मी रिक्षाला हात केला. तेवढ्यात त्यांनी शालूताईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओळख अशी काही दिसत नव्हती. पण पाळीवर दुसऱ्याचा चेहरा पाहून त्याची दशा ओळखायची नजर शाबूत होती. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “या बाई लई वेळच्या ड्युटीवर दिसतात. याइले सोडवाले कोन येऊन राहिलं?”

शालूताईंनी ते ऐकलं. त्या दुकानाच्या त्याच खुर्चीवर बसल्या आणि भर चौकात पदर तोंडाला लावून रडल्या. साहेब गोंधळून त्यांच्या शेजारी उभे राहिले, उन्हाच्या बाजूनं, त्यांच्यावर सावली पडेल असे. दुकानदारानं पाणी आणलं. दोघंही प्यायले.

घरी पोचल्यावर मी ती कडक यादी उडवली, दाराचं नाव मोकळं केलं आणि दार दहादा उघडून घंटी वाजवून पाहिली. भोंग्याबद्दल खरं सांगितलं, की पेटीनं तो जाणार नाही. साहेबांची गाणी एका पेनड्राइव्हवर भरून दिली, टीव्हीला मागून लावली, झालं काम. ही गोष्ट पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात झाली असती. त्यात कारागिरी नाही, म्हणून मला ती सुचली नव्हती. मुलाचा रात्री फोन आला, तो संतापला होता आणि त्याचं बरोबर होतं. शालूताई मात्र म्हणाल्या, तुमच्या पेटीनं नाही म्हटलं, पन माझा डोळा लागला ना. मी म्हटलं, तीन वर्षं जागलेल्या माणसाचा डोळा लागणार नाही तर काय होणार. आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींकडून दोष ओढून घेत बसलो.

तेव्हापासून कोणत्याही घरी यादी भरण्याआधी मी घरभर हिंडते आणि कोण कोण नंबर विचारतं ते लिहून घेते. सगळ्यांनाच सांगते, पेटीला जाहिरात कळत नाही, फक्त नाव कळतं. पण त्या चौकातला प्रश्न काही त्यानं मिटला नाही. दोन-तीन रात्री तो डोक्यात फिरत होता. शेवटी मंगळवारी दुपारी दोनला मी भोयरांच्या घरी गेले. हातात पेचकस नव्हता. शालूताईंना वाटलं, पुन्हा काही बिघडलं.

मी डायरी उघडली आणि म्हटलं, चार्ज द्या. दोन ते सहा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी.

आधी त्या हसल्या, मग नको नको झालं, मग माझं तोंड पाहून सांगायला लागल्या. गोळी चारला, चहात साखर अर्धा चमचा, बाथरूमचा दिवा चालू ठेवायचा, उन्हं उतरली की ते आईची आठवण काढतात तेव्हा ‘येते म्हणून गेली’ सांगायचं. मी सगळं परत म्हणून दाखवलं. त्यांनी सही केली. साहेब सोफ्यावरून पाहत होते, त्यांना ते सगळं अगदी रीतसर वाटलं.

शालूताई चप्पल घालून फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. “पन मी जाऊ कुठं?” मी म्हटलं, ते रिलीव्हरला विचारायचं नसतं. त्या गेल्या. वीस मिनिटांत पुन्हा दारात. कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, झालं माझं, म्हणाल्या आणि दार लावून त्यांनी पिशवी खाली ठेवली.

माझ्याआधी भोयरसाहेबच बोलले. सोफ्यावर बसल्या बसल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाले, “सहाच्या आधी चार्ज परत घेता येत नाही, बाई. जा तुम्ही. इथं मानूस आहे.”

शालूताईंनी पिशवी उचलली आणि दार उघडलं. दाराच्या घंटीनं आतल्या खोलीत विसरलेला त्यांचा मोबाइल ठणाणा वाजला, आणि त्या गेल्या त्या सहालाच परत आल्या.